सोप्यातली जुनी चेतक: आधी चालती करा, मग देखणी करा

कोल्हापुरातल्या जुन्या घरांच्या सोप्यात किंवा जिन्याखाली एक तरी स्कूटर चादर पांघरून उभी असते. बहुतेक वेळा ती चेतकच. बजाजने १९७२ मध्ये आकुर्डीत काढलेल्या या गाडीने आपल्याकडच्या दोन पिढ्या वाहिल्या. आमच्या घरातली वडिलांची होती. ते गेल्यावर नऊ वर्षं ती जागची हलली नाही. मी ती घरीच उघडली आणि घरीच उभी केली. त्याला चौदा महिने लागले, आणि त्यातले पाच केवळ मी कामाचा क्रम चुकवला म्हणून गेले.

चूक साधी होती. उत्साहाच्या भरात पहिल्या रविवारी मी सगळी गाडी सुटी केली आणि बॉडी रंगाला दिली. रंग सुरेख झाला. पुढे इंजिन बसवताना त्यावर ओरखडे उठले, सुटे नटबोल्ट कुठले ते आठवेना, आणि पुढे काय करायचं हेच कळेना म्हणून काम थांबलं. अर्धवट उघडून भंगारात गेलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अशाच थांबल्या होत्या. म्हणून खाली सांगतो तो क्रम पाळा. गाडी आधी चालती करा, मग देखणी करा. आणि एका वेळी एकच भाग उघडा.

पाना हातात घेण्याआधी

आरसी बुक शोधा. त्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि फोटो काढून ठेवा. गंज खूप असेल तर नंबराची जागा पॉलिश पेपरने घासू नका. डिझेलचा बोळा आणि मऊ ब्रश पुरतो. पुढे रंगवताना पेंटरने त्या जागी पुट्टी भरली तर पासिंगला गाडी अडते, म्हणून त्याला हे आधीच बजावून ठेवा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. त्याचा अर्ज म्हणजे फॉर्म २५. मालक वारले असतील तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ लागतो. हरित कर, पीयूसी, विमा, उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं आलंच. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर २०२१ पासून व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, पण मग ती रोजच्या वापरात चालत नाही. भाजी आणायला गाडी न्यायची असेल तर तो मार्ग आपला नव्हे. कागद उभे राहणार नसतील तर पैसे घालण्याआधीच ते कळलेलं बरं.

जागा आणि हत्यारं

सोपा चालतो, पार्किंग चालतं, पण दोन बाजू उघड्या हव्यात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीवरून सरकत जाते आणि शेजारच्या खोलीतल्या देवघराच्या समईपर्यंत पोचू शकते. टाकी उघडायची तेव्हा घरात सांगून ठेवा. इंजिन बंद जागेत सुरू करायचं नाही, एक मिनिटासाठीसुद्धा नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. ८ पासून २२ पर्यंतचे रिंग पाने आणि गोटी पाने घ्या. ११ चा नक्की घ्या, साध्या सेटमध्ये तो बऱ्याचदा नसतो आणि चेतकला लागतो. प्लगपाना, फिलर गेज, पक्कड, चांगल्या पोलादाचे दोन पेचकस आणि मॅग्नेट, म्हणजे ठिणगीची वीज बनवणारं इंजिनावरचं चुंबकाचं चाक, काढायचा पुलर. पुलरवर पैसे वाचवू नका. मॅग्नेट हातोडीने ठोकून काढताना पंख्याची पाती तुटतात आणि क्रँकच्या बेअरिंगला मार बसतो. लक्ष्मीपुरीत एक चक्कर मारली की ही यादी पुरी होते.

शिवाय झिपच्या छोट्या पिशव्या आणि मार्कर. पिशवीवर फक्त ‘कार्ब्युरेटर’ लिहिलेलं पुरत नाही. ‘कार्ब्युरेटर ते एअर बॉक्स, लांब बोल्ट २, वॉशर आतल्या बाजूला’ एवढं लिहा. चार महिन्यांनी ती पिशवी उघडणाऱ्या माणसाला यातलं काहीही आठवत नसतं. प्रत्येक भाग सोडवण्याआधी फोटो काढा, आणि फोटोत केबल कुठून आत जाते ते दिसलं पाहिजे.

पहिल्या दिवशी किक मारू नका

घरात येणारा प्रत्येक पाहुणा म्हणेल, मारून तर बघ. ऐकू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजाने धरून बसतात. त्यावर किक मारली की रिंग तुटते किंवा सिलिंडरला ओरखडा जातो.

प्लग काढा. त्या भोकातून थोडं २टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा, भोक चिंधीने झाका, आणि दोन दिवस थांबा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढेमागे हलवा. किंचित हललं तरी समाधान माना, पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. माझं इंजिन अकराव्या दिवशी सुटलं. आठवडाभर तसूभरही हललं नाही तर हेड काढून वरून बघायचं, पण जोर लावायचा नाही.

गाडी २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात उभी असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, या भागांतल्या कित्येक गाड्या पंचगंगेच्या पाण्यात राहिल्या. पुराच्या पाण्याबरोबर बारीक गाळ इंजिनात, गिअरबॉक्समध्ये, ब्रेकच्या ड्रममध्ये आणि हेडलाइटच्या घरात शिरतो. असं इंजिन तेल सोडून फिरवलं तर तो गाळ पॉलिश पेपरसारखा आतून घासत जातो. ते पूर्ण उघडून धुणं एवढाच उपाय आहे.

ठिणगी आणि पेट्रोल

इंजिन मोकळं फिरायला लागलं की दोनच प्रश्न उरतात. ठिणगी येते का, आणि पेट्रोल पोचतं का.

ठिणगी आधी बघा, पेट्रोल गाडीपासून लांब असताना. नवीन प्लग कॅपमध्ये घाला, त्याचं धातूचं अंग सिलिंडर हेडला टेकवा, किक मारा. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरगळलेली असेल किंवा नसेलच, तर जुन्या मॉडेलमध्ये आधी पॉइंट बघायचे, म्हणजे मॅग्नेटच्या आतले उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन संपर्क. उभ्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर पांढुरका थर धरतो. बारीक पॉलिश पेपरने तो साफ करा आणि ०.३ ते ०.५ मिलिमीटर गॅप ठेवा. प्लगचा गॅप ०.६ च्या आसपास. मॅग्नेट काढलं असेल तर आतली अर्धचंद्राच्या आकाराची चावी जागेवर बसली का ते बघा. ती सरकली की टायमिंग चुकतं, आणि माणूस कार्ब्युरेटरला दोष देत बसतो.

पेट्रोलचं काम जास्त वेळ घेतं. जुनं पेट्रोल डिंकासारखं होऊन टाकीत, कॉकमध्ये आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसलेलं असतं. टाकी काढा, रिकामी करा, आत मूठभर नट घालून खळखळा, स्वच्छ पेट्रोलने दोन-तीनदा विसळा, उन्हात वाळवा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंगचा विचारसुद्धा करू नका. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि ती फुटते. जेट तारेने टोचायचा नाही, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवा मारा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते उसापासूनही बनतं, आणि आपल्या जिल्ह्यातले कारखानेही ते बनवतात. ही गाडी बनली तेव्हा असं पेट्रोल नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोल्हापूरच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. गाडी महिनाभर टाकी भरून उभी ठेवली तर पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कॉक नेमका तळातून ओढतो. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्ब्युरेटरचे सगळे रबर नवीन घाला. टाकीत आठवडाभर पुरेल एवढंच भरा. गाडी उभी राहणार असेल तेव्हा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू द्या.

चेतकचं हे इंजिन टू-स्ट्रोक, त्याला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला २० मिली. ते टाकीत वरून ओतू नका. डब्यात मिसळून, हलवून मग भरा. न मिसळलेलं ऑइल तळाशी जातं आणि पहिल्याच किकला प्लग बुडतो.

धूर काय सांगतो

गाडी सुरू झाली की घरातले सगळे बाहेर येतील. दोन मिनिटं आनंद करा, मग धुराकडे बघा. सुरुवातीचा निळसर धूर सायलेन्सरमधल्या जुन्या तेलाचा असतो आणि पाच-दहा मिनिटांत ओसरतो. न ओसरणारा दाट पांढरा धूर येत राहिला आणि गिअरबॉक्समधलं ऑइल उतरत गेलं, तर क्लचकडचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलेलं आहे. इंजिन ते ऑइल ओढून जाळतंय. उलट ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिन रेस होत राहिलं, खाली यायलाच तयार नसलं, तर मॅग्नेटकडच्या सीलमधून हवा आत येते आहे, किंवा कार्ब्युरेटरच्या जोडातून. असं इंजिन लगेच बंद करा. हवा जास्त म्हणजे पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन जळायला चार किलोमीटर पुरतात.

उभ्या गाडीचे हे दोन्ही सील बहुधा कडक झालेले असतात. ते बदलायचे तर इंजिन उतरवावं लागतं, आणि चेतकचं इंजिन उतरवणं वाटतं तेवढं अवघड नाही. केबल, वायर, पेट्रोलची नळी, एअर बॉक्स सोडवा, बॉडीखाली लाकडी ठोकळा द्या, मागच्या शॉकॲब्झॉर्बरचा बोल्ट काढा आणि शेवटी पुढचा लांब आडवा बोल्ट. हा आडवा बोल्ट हमखास गंजलेला असतो. कामाच्या चार दिवस आधीपासून त्याला रोज तेल पाजा. आणि केबल ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरा बांधा. जुनी बाहेर येते, दोरा आत राहतो, त्याच दोऱ्याने नवी केबल आत जाते. हँडलमधून केबल घालताना घाम काढलेल्या प्रत्येकाला याची किंमत कळेल.

उद्यमनगरला काय न्यायचं

सिलिंडरला खाच पडली असेल तर बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कातून, मोठ्या मापाचा पिस्टन घालावा लागतो. मापं पाव मिलिमीटरच्या पायरीने वाढतात. हे घरचं काम नव्हे, आणि आपल्या गावात ते घरी करायची गरजही नाही. फाउंड्री आणि लेथ यांवर उभं राहिलेलं शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर आहे. नियम एकच. पिस्टन आधी विकत घ्या आणि सिलिंडरसोबत न्या. मेस्त्री त्या पिस्टनच्या मापाने बोअर करतात, डब्यावरच्या आकड्याने नाही. क्रँकचं बेअरिंग, पायदानाच्या कुजलेल्या पत्र्याचं वेल्डिंग हेही बाहेरच. काम चालू असताना शेजारी उभं राहायची परवानगी मागा. बहुतेक मेस्त्री देतात, आणि तासाभरात जे शिकायला मिळतं ते घरी महिनाभरात मिळत नाही.

ब्रेक, चाकं, लाइट

जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. चेतकची रिम दोन भागांची असते. ट्यूबमधली सगळी हवा सोडल्याशिवाय रिमचे नट सैल केले तर ती तोंडावर उडते. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी दहा वर्षांचे टायर बदला. लाइट इंजिनच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल तर तो बिघाड नव्हे, थेट मॅग्नेटवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये तसंच असतं. लाइट लागतच नसेल तर वायरिंग बदलण्याआधी अर्थिंगच्या जागेचा रंग आणि गंज खरवडून बघा.

रंग सगळ्यात शेवटी

पावसाळ्यात इंजिनाचं काम करा, छपराखाली बसून होतं. खंडेनवमीला गाडीची पूजा चालत्या इंजिनाने व्हावी, एवढी मुदत स्वतःला घाला. रंग दिवाळीनंतर. दमट हवेत मारलेल्या रंगावर दुधासारखी झाक येते आणि ती पॉलिशने जात नाही. रंगाआधी पायदानावरचा रबरी मॅट उचलून खालचा पत्रा पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. पेचकस आत गेला तर आधी वेल्डिंग. मूळ रंग हवा असेल तर डिकीच्या आतल्या बाजूला तो अजून शाबूत सापडतो.

पहिले ५०० किलोमीटर

नवीन पिस्टन असेल तर पहिल्या दोन टाक्यांना ऑइल लिटरला ३० मिली ठेवा आणि वेग ताशी ४० च्या वर नेऊ नका. एकसारख्या वेगानेही चालवू नका. रंकाळ्याला दोन फेऱ्या, मग घरी येऊन इंजिन गार होऊ द्या. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, विशेषतः चाकांचे आणि सायलेन्सरचे.

आणि प्लग काढून त्याचा रंग बघा. विटकरी-तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर आहे. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय, एअर फिल्टर आणि चोक तपासा. पांढरा फटक असेल तर कुठून तरी जास्तीची हवा येते आहे. ती जागा सापडून प्लग तपकिरी दिसेपर्यंत पन्हाळ्याच्या घाटाला गाडी लावायची नाही.