कॉलेज फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण, हा वाद कसा घालावा

पुण्यात अमेरिकन कॉलेज फुटबॉल पाहणारे थोडे आहेत, पण जे आहेत ते कडवे आहेत. तिकडच्या विद्यापीठात शिकून बाणेर-औंधला परतलेली मंडळी आणि अमेरिकी वेळेशी जुळवून घेत हिंजवडीत काम करणारी मंडळी यांचा त्यात भरणा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकडे शनिवारी दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला लागतो आणि तिकडच्या संध्याकाळचा सामना रविवारी पहाटे पाचला. साहजिकच रविवारी सकाळी डेक्कनवर नाश्त्याला जमलेल्या जागरणग्रस्तांमध्ये कोणीतरी रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावणाऱ्या खेळाडूचा, विषय काढून ‘बॅरी सँडर्ससारखा दुसरा झाला नाही’ असे म्हणतो आणि वादाला तोंड फुटते. हा वाद सहसा निकालाविना संपतो, याचे कारण पुणेकरांचा स्वभाव नव्हे. एकाच टेबलावर तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली जात असतात आणि प्रत्येकाला समोरचा आपल्याच प्रश्नाचे उत्तर चुकवतो आहे असे वाटत असते, हे त्याचे खरे कारण आहे.

म्हणून नावे उच्चारण्यापूर्वी प्रश्न ठरवून घ्यावा. सर्वश्रेष्ठ म्हणजे एका हंगामातील कामगिरी, संपूर्ण कॉलेज कारकीर्द, की ऐन भरात असताना त्या खेळाडूला थांबवणे किती अवघड होते ही गोष्ट? उत्तरे खरोखरच वेगळी येतात. १९८८ चा हंगाम हाच निकष असेल, तर ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सपुढे उभे राहणे कठीण आहे. कारकीर्द पाहायची तर त्याच सँडर्सची पहिली दोन वर्षे थर्मन थॉमसच्या मागे राखीव म्हणून गेली, हे विसरता येत नाही. जॉर्जियाचा हर्शल वॉकर मात्र १९८० मध्ये आला त्या पहिल्याच वर्षी १,६१६ यार्ड धावला, त्याच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि नंतरची दोन वर्षेही तो त्याच उंचीवर राहिला. या दोघांची तुलना प्रश्न न ठरवता करणाऱ्याला थांबवण्याचा अधिकार टेबलावरील प्रत्येकाला असावा.

दुसरा नियम असा की व्यावसायिक कारकीर्द दाराबाहेर ठेवावी. हा नियम पाळणे सर्वांत जड जाते, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ही नावे प्रथम एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमुळे ऐकलेली असतात. ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनला वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला दिले जाणारे हाइझमन पारितोषिक दोनदा मिळाले, १९७४ आणि १९७५ मध्ये, आणि तसा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव खेळाडू आहे. पुढे एनएफएलमध्ये तो साधारणच ठरला. त्यावरून त्याच्या कॉलेजमधील यशाला गौण मानणे हा उघड तर्कदोष आहे. हा मुद्दा पुण्यात पटवणे सोपे जावे. डिसेंबर १९४८ मध्ये याच शहरात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा केल्या. त्यांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही, म्हणून त्या खेळीतील एकही धाव कमी होत नाही.

निंबाळकरांची खेळी आणखी एका कारणाने उपयोगी पडते. ब्रॅडमनच्या ४५२ धावांच्या विक्रमापासून ते अवघ्या नऊ धावा दूर असताना प्रतिस्पर्धी कर्णधाराने सामनाच सोडून दिला. विक्रमाच्या तक्त्यात ही हकीगत दिसत नाही, फक्त आकडा दिसतो. कॉलेज फुटबॉलचे तक्ते तर अशा न दिसणाऱ्या हकीगतींनी भरलेले आहेत, आणि त्या वाचता येणे हेच या वादातील मुख्य कौशल्य आहे.

सर्वांत मोठी हकीगत बाउल सामन्यांची. हंगाम संपल्यावर होणाऱ्या या सामन्यांतील यार्ड एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने २००२ पर्यंत अधिकृत आकडेवारीत धरलेच नव्हते. त्या वर्षापासून ते धरले जाऊ लागले, पण जुने आकडे होते तसेच राहिले. सँडर्सचे १९८८ मधील २,६२८ यार्ड हे ११ सामन्यांचे आहेत. त्याच वर्षीच्या हॉलिडे बाउलमध्ये वायोमिंगविरुद्ध त्याने आणखी २२२ यार्ड आणि पाच टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) केले, ते या बेरजेत नाहीत. २०२४ मध्ये बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी २,६०१ यार्डांवर थांबला आणि विक्रम २७ यार्डांनी हुकला अशी हळहळ सर्वत्र व्यक्त झाली. पण जेंटीचे सामने १४ होते आणि त्यांत हंगामानंतरच्या प्लेऑफमधील सामनाही मोजला होता. सारख्या मापाने मोजले तर सँडर्सची बेरीज २,८५० होते आणि अंतर २७ वरून २४९ वर जाते. २०१४ मध्ये विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने केलेले २,५८७ यार्डही १४ सामन्यांतलेच. यातून जेंटी किंवा गॉर्डन लहान ठरत नाहीत. ‘जवळजवळ गाठलेच होते’ हे वाक्य मात्र टिकत नाही.

कारकिर्दीच्या यादीत हाच घोटाळा उलट्या दिशेने झाला. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनचा अधिकृत आकडा ६,३९७ होता. २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री ६,४०५ पर्यंत पोहोचला आणि विक्रम त्याच्या नावावर गेला. डेनचे चार बाउल सामने धरले तर त्याचे ७,१२५ यार्ड होतात, म्हणजे प्रत्यक्ष मैदानावर तो पम्फ्रीच्या कितीतरी पुढे होता. वादात डेनचे नाव निघाले की यांपैकी कोणता आकडा आपण घेतो आहोत ते आधी सांगावे. दोन्ही आकडे सोयीनुसार वापरणाऱ्याचे मत बाद धरायला माझी हरकत नाही.

कोणाला किती वर्षे खेळायला मिळाली हेही पाहावे लागते. १९७२ पूर्वी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मोठ्या विद्यापीठांच्या मुख्य संघात खेळण्याची मुभा नव्हती. ग्रिफिन नेमका त्याच वर्षी दाखल झाला आणि आपल्या दुसऱ्याच सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध २३९ यार्ड धावला. त्याच्या आधीच्या पिढीला ही संधीच नव्हती. जिम ब्राउनने सिराक्यूजकडून १९५६ मध्ये ९८६ यार्ड केले, ते आज किरकोळ वाटतात. पण त्या हंगामात सामने आठच होते.

एकूण यार्डांनंतर प्रत्येक कॅरीमागील, म्हणजे चेंडू घेऊन केलेल्या प्रत्येक धावेमागील, सरासरीकडे वळावे, परंतु तीही एकटी वाचू नये. २००५ मध्ये यूएससीच्या रेजी बुशची सरासरी ८.७ होती. ती डोळे दिपवते, पण त्याने चेंडू हातात घेतला तो २०० वेळा, आणि जवळून रेटून टचडाउन करण्याचे जड काम लेंडेल व्हाइटकडे होते. व्हाइटचे त्या वर्षी २४ टचडाउन झाले. उलट टोकाला अलाबामाचा डेरिक हेन्री आहे. २०१५ मध्ये त्याने ३९५ कॅरींत २,२१९ यार्ड केले, म्हणजे सरासरी ५.६. सर्वांना ठाऊक असते की चेंडू त्याच्याकडेच जाणार आहे, तरीही तो अडत नाही, याला काही किंमत द्यायची की नाही? मी देतो. सँडर्सचे वेगळेपण असे की त्याने ३४४ कॅरींचे ओझे वाहूनही सरासरी ७.६ राखली, ओझे आणि सरासरी सहसा एकमेकांच्या विरुद्ध जातात. टचडाउनच्या बाबतीत अधिक सावध राहावे. १९७५ मध्ये ग्रिफिनच्या नावावर फक्त चार टचडाउन आहेत, कारण रेषेजवळ पोहोचल्यावर ओहायो स्टेट चेंडू पीट जॉन्सनकडे देत असे.

पुढे उभी असलेली लाइन हा या वादातील सर्वांत न्याय्य आणि सर्वांत न सुटणारा मुद्दा आहे. वाट करून देणारे पाच जण चांगले असतील तर धावणे सोपे होते, पण ते किती सोपे झाले याचे माप नाही. नेब्रास्काच्या माइक रोझियरने १९८३ मध्ये २,१४८ यार्ड केले, तेव्हा त्याच्यापुढे डीन स्टाइनकूलर होता, ज्याला त्याच वर्षी लाइनमधील खेळाडूंना दिली जाणारी आउटलँड आणि लोम्बार्डी ही दोन्ही पारितोषिके मिळाली. दुसऱ्या बाजूने, १ जानेवारी १९८१ च्या शुगर बाउलमध्ये नोत्र दामविरुद्ध वॉकर निखळलेल्या खांद्याने १५० यार्ड धावला, तर जॉर्जियाची संपूर्ण संघाची निव्वळ बेरीज होती १२७. बाकीचे सगळे मिळून उणे होते, आणि सामना जॉर्जियाने १७-१० असा जिंकला. मदत कोणाला किती होती, याची याहून बोलकी आकडेवारी मला ठाऊक नाही.

पारितोषिकांना पुरावा मानावे, निवाडा मानू नये. १९५६ चे हाइझमन नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला मिळाले. त्याच्या संघाने दोन सामने जिंकले आणि आठ गमावले होते. जिम ब्राउन त्या मतदानात पाचवा आला. कृष्णवर्णीय खेळाडूला हा मान पहिल्यांदा १९६१ मध्ये मिळाला, तो सिराक्यूजच्याच एर्नी डेव्हिसला, हे लक्षात ठेवले म्हणजे त्या पाचव्या क्रमांकाचा अर्थ लावणे अवघड जात नाही. वॉकर तीन वर्षांत अनुक्रमे तिसरा, दुसरा आणि पहिला आला. मतदार पहिल्या वर्षाच्या मुलाला हा मान द्यायला तेव्हा तयार नव्हते, इतकेच त्यातून सिद्ध होते.

१९३७ पूर्वीच्या खेळाडूंची एनसीएएची अधिकृत आकडेवारी नाही, त्यामुळे त्यांची वेगळी यादी करावी. इलिनॉयच्या रेड ग्रेंजने १९२४ मध्ये मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले, हे सांगावे आणि पुढे जावे.

आता प्रत्यक्ष कृती. चहा येण्यापूर्वी प्रत्येकाने कागदावर पाच नावे क्रमाने लिहावीत, कारण आधी बोलले की मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो. पहिल्या नावाला पाच गुण, पाचव्याला एक. बेरीज करून ज्या दोन नावांत कमीत कमी अंतर असेल, त्यांच्यावरच चर्चा करावी. बाकीच्यांवर वेळ घालवू नये. मैदानाबाहेरचे वर्तन धरायचे की नाही हे मतदानापूर्वी ठरवावे, नाहीतर पुढे खुनाच्या खटल्याने गाजलेल्या ओ. जे. सिम्पसनचे नाव येताच फुटबॉल बाजूला पडते. बुशच्या बाबतीत तर २००५ चे हाइझमन पारितोषिकच २०१० मध्ये गेले आणि २०२४ मध्ये परत आले, त्यामुळे नियमभंगाला किती वजन द्यायचे तेही त्याच वेळी बोलून घ्यावे.

कारकीर्द हा निकष धरून माझा कागद असा असतो: वॉकर, ग्रिफिन, पिट्सबर्गचा टोनी डॉर्सेट, डेन आणि पाचव्या जागी जिम ब्राउन. केवळ एका वर्षाच्या जोरावर सँडर्सला या यादीत घुसवू पाहणाऱ्यांशी मी दर हंगामात भांडतो. निकष एका हंगामाचा असेल तर मात्र पहिल्या ओळीत त्याचे नाव लिहून मी उरलेल्या चार नावांचा विचार करू लागतो.