सोनं शोधायला मेटल डिटेक्टर घेताय? आधी जमीन बघा, मग मशीन

डिटेक्टर घ्यायचं मनात आलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, सगळ्यात भारी मशीन कुठलं? मी म्हणतो तो प्रश्न शेवटी विचारा. आधी दोन गोष्टी शोधून काढा, तुम्ही जिथे फिरणार ती जमीन कशी आहे आणि तिथे आजवर सापडलेलं सोनं केवढं होतं. ही दोन उत्तरं हातात असली की बाजारातली निम्मी मशीनं आपोआप बाद होतात आणि पैसे वाचतात ते वेगळेच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, नदीच्या वाळूत जे पिठासारखं बारीक सोनं असतं ते कुठलाही डिटेक्टर पकडत नाही, कितीही महाग असू दे. त्यासाठी पॅन, म्हणजे वाळू धुवायची पसरट थाळी, आणि स्लूस, म्हणजे वाहत्या पाण्यात वाळू धुवायची पन्हळ. डिटेक्टर लागतो तो नगेटसाठी, म्हणजे सोन्याच्या सुट्ट्या तुकड्यांसाठी, मग तो तांदळाच्या दाण्याएवढा का असेना. तुमच्या भागात फक्त कणसोनं निघतं असं जुनी जाणती माणसं सांगत असतील तर मशीनचा विचारच सोडा, तो पैसा पॅनिंगच्या सामानात घाला.

आणि ते दोन अँटेनावालं "लाँग रेंज" मशीन, जे म्हणे दोनशे मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतं, ते घेऊ नका. अजिबात नको. हातातली फिरती दांडी मनगटाच्या बारीक हालचालीने वळते, आत सोनं ओळखणारं काहीही नसतं. अशीच फिरती अँटेना लावलेलं एडीई ६५१ नावाचं यंत्र बॉम्ब शोधतं म्हणून इराकला विकलं गेलं होतं, ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मोबाईलवरची "गोल्ड डिटेक्टर" अ‍ॅप पण तसलीच, फोनमधला सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो, लोखंड जवळ आलं की आकडा हलतो, सोन्याला चुंबकत्वच नाही तर ते दिसणार कुठून. खरा डिटेक्टर जमिनीत सेंटिमीटरमध्ये बघतो, मीटरमध्ये नाही, आणि जो विक्रेता मीटरची भाषा करतो त्याच्याकडून काही घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जमिनीचं. सोनं जिथे असतं तिथे बहुतेक वेळा जमिनीत लोहखनिजं पण भरपूर असतात, मॅग्नेटाइट, मॅगहेमाइट वगैरे, आणि मशीनला ती पण "दिसतात". कॉइलच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला असलेल्या शोधणाऱ्या चकतीच्या, खालची जमीन स्वतःच सिग्नल देत असते आणि त्या गोंधळात सोन्याचा चिमुकला सिग्नल वेगळा काढायचा असतो, डिटेक्टरचं खरं काम हे आहे. तुमची जमीन किती खनिजवाली आहे ते बघायला एक साधं काम करा, चांगलं ताकदीचं मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीवरून ओढा. दोनचार काळे कण चिकटले तर जमीन शांत, मॅग्नेटला काळी दाढीच फुटली तर जमीन गरम, म्हणजे लोहखनिजांनी भरलेली समजा. लालभडक माती आणि काळे जड दगड दिसले तरी सावध. खारट जमीन, सुकलेली मिठाची तळी, ओली खारी रेती हा अजून वेगळा त्रास, कारण मिठामुळे तिथली जमीन स्वतःच वीज वाहून नेते, त्यासाठी मशीनमध्ये सॉल्ट सेटिंग आहे का ते विचारावं लागतं.

यावर पहिला मोठा निर्णय अवलंबून आहे, व्हीएलएफ की पीआय.

व्हीएलएफ म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी. हे मशीन सतत एका ठराविक फ्रिक्वेन्सीची लहर जमिनीत सोडतं आणि त्याच वेळी ऐकतं. सोन्याच्या छोट्या तुकड्यात जो करंट तयार होतो तो मायक्रोसेकंदांत विरून जातो, म्हणून त्याला पकडायला वेगाने बदलणारी लहर, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सी लागते. नाणी शोधायची मशीनं साधारण ६ ते ८ किलोहर्ट्झवर चालतात, चांदीचं मोठं नाणं त्यांना खोलवरचं पण दिसतं, पण डाळीएवढं सोनं पायाखालून निघून जातं. सोन्याच्या मशीनचे आकडे बघा, फिशर गोल्ड बग २ चालतं ७१ किलोहर्ट्झवर, नोक्ता गोल्ड क्रूझर ६१ वर, मायनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० चालतं ४५ वर. गोल्ड बग प्रो १९ वर आणि गॅरेट एटी गोल्ड १८ वर, ही दोन मधली मशीनं, थोडं सोनं थोडी नाणी असं दोन्ही करणाऱ्यांसाठी बरी. पण फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका जमिनीचा त्रासही जास्त, हे कोणी विकताना सांगत नाही.

पीआय म्हणजे पल्स इंडक्शन. यात मशीन जोराचा एक पल्स मारतं, बंद होतं, क्षणभर थांबतं आणि मग ऐकतं, घंटेवर टोला मारून हात बाजूला घ्यावा आणि मागचा नाद ऐकावा तसं. त्या थांबण्याच्या वेळात जमिनीचा बराचसा आवाज विरून जातो आणि धातूचा राहतो, म्हणून लाल गरम जमिनीत जिथे व्हीएलएफ नुसतं किंचाळतं तिथे पीआय शांतपणे खोलवर बघतं. तोटा असा की तुकडा फारच बारीक किंवा सच्छिद्र असेल तर त्याचा नादही त्या थांब्यातच संपून जातो. जुन्या पीआयमध्ये हा दोष ठळक होता, मायनलॅबच्या एसडीसी २३०० किंवा जीपीएक्स ६००० सारख्या मशीनांनी तो खूपच कमी केला. त्याच कंपनीचं २०१५ साली आलेलं जीपीझेड ७००० तर झेडव्हीटी नावाच्या वेगळ्या पद्धतीवर चालतं, खोलीला जबरदस्त, पण वजन तीन किलोच्या वर आणि किंमत अशी की हौशी माणसाने घ्यायच्या आधी शंभर वेळा विचार करावा.

माझा सल्ला विचाराल तर, मॅग्नेटला थोडीच माती चिकटते, खडक उघडा आहे, माती वीतभर पण नाही आणि सोनं बारीक निघतं, अशा ठिकाणी जास्त फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ घ्या, डोळे झाकून. तिथे पीआयवर तिप्पट चौपट पैसे घालून काही जास्त मिळणार नाही. आणि जमीन गरम आहे, नगेट ग्रॅमच्या वरचे निघतात, माती खोल आहे, तर स्वस्त व्हीएलएफ घेऊन हताश होण्यापेक्षा थांबा, पैसे साठवा आणि चांगल्या अवस्थेतलं जुनं पीआय घ्या. नवशिक्याने पीआय घेऊ नये असं बरेच जण सांगतात, मला ते पटत नाही, जमीनच तशी असेल तर नवशिक्यालाच ते सोपं जातं.

खोलीच्या आकड्यांमागे फार लागू नका. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या किंगोवरजवळ १९८० साली केविन हिलियर यांना मेटल डिटेक्टरने "हँड ऑफ फेथ" हा २७ किलोचा नगेट सापडला, तो पण फार खोलवर नव्हता. कॉइलपासून अंतर वाढलं की सिग्नल इतक्या झपाट्याने पडतो की दुप्पट महाग मशीन म्हणजे दुप्पट खोली असं कधीच होत नाही. कॉइल जमिनीला जवळजवळ घासून, सावकाश, एकावर एक फेरी चढवत फिरवणाऱ्याला साध्या मशीनने पण सोनं मिळतं.

कॉइलचा विचार मशीनइतकाच करा. मोठी कॉइल खोल बघते आणि एका फेरीत जास्त जागा घेते पण बारीक सोनं सोडते, छोटी कॉइल बारीक सोनं पकडते, खडकांच्या फटीत आणि झुडपांच्या बुंध्याशी जाते. ५-६ इंचाची एक आणि १० इंचाच्या आसपासची एक, दोन असल्या की पुष्कळ झालं. व्हीएलएफला खनिजवाल्या जमिनीत डीडी कॉइल (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी) बरी. पीआयला मोनो कॉइल (आत एकच वेटोळं) जास्त खोल आणि जास्त नाजूक बघते पण फार गरम जमिनीत आवाज करते, तिथे डीडी शांत राहते. विकत घेण्याआधी त्या मॉडेलला कुठल्या कुठल्या कॉइल मिळतात ते नक्की बघा, एकच कॉइल मिळणारं मशीन पुढे अडचणीचं ठरतं.

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा सिग्नल वजा करायची सोय, नसलेलं मशीन सोन्यासाठी घेऊच नका. ऑटो ट्रॅकिंग, म्हणजे जमीन बदलेल तसा बॅलन्स आपोआप जुळणं, असलं तर छानच, पण ते थांबवून बॅलन्स आहे तिथे लॉक करता आलं पाहिजे, कारण मंद सिग्नलवर तुम्ही कॉइल परत परत फिरवलीत की काही मशीनं त्या सिग्नललाच जमीन समजून पुसून टाकतात. तसंच थ्रेशोल्ड, म्हणजे हेडफोनमध्ये बारीक सतत गुणगुण चालू असते ती. खोलवरचं सोनं "बीप" करत नाही, गुणगुण किंचित फुगते आणि परत बसते, एवढंच. ज्या मशीनमध्ये हा आवाज स्थिर राहतो त्यावर तासन्‌तास काम करता येतं.

धातू कुठला ते सुचवणाऱ्या स्क्रीनवरच्या नंबरवर मात्र भिस्त ठेवू नका. बारीक सोन्याचा नंबर फॉइलच्या जवळ येतो, गरम जमिनीत तर घसरून लोखंडाच्या पट्ट्यात जातो, आणि डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, चढवलंत की खिळ्यांबरोबर सोनंही गप्प होतं. जुन्या खाणकामगारांच्या वस्तीच्या जागेवर, जिथे पावलापावलावर खिळे, तिथे व्हीएलएफचं लोखंड ओळखणं कामाला येतं, पीआयवर तिथे दिवसभर खिळेच उकराल. बाकी ठिकाणी सिग्नल आला की खणायचं.

घेण्याआधी मशीन हातात धरून अर्धा तास तरी झुलवून बघा. कागदावर दोन किलो ऐकायला काहीच वाटत नाही, पण पुढे जड असलेलं मशीन खांदा मोडून टाकतं, तोल कुठे आहे ते महत्त्वाचं. चाचणीला शिशाचे दोन-तीन मापांचे छर्रे न्या, शिसं बारीक सोन्यासारखाच सिग्नल देतं. छर्रा प्लॅस्टिकच्या चकतीवर चिकटवून हवेत ओवाळून बघू नका, हवेत सगळीच मशीनं हुशार, तो खऱ्या जमिनीत तीन सेंटिमीटर पुरा, मग सहा, मग दहा, आणि सिग्नल कुठे विरतो ते ऐका. शेजारी एखादा लोहखनिजाचा काळा जड दगड ठेवून तो पण ऐका, कॉइल थोडी वर उचलली की दगडाचा आवाज बहुधा झटकन जातो, धातूचा हळूहळू कमी होतो. हा फरक ज्या मशीनवर तुमच्या कानाला स्वच्छ कळेल ते तुमचं मशीन. फोन त्या वेळी फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर त्याचाच आवाज मशीनचा दोष वाटेल, विजेच्या तारांखाली तर चाचणी करूच नका.

जुनं मशीन घेताना जीपीएक्स ४५०० आणि ५००० च्या हुबेहूब नकला बाजारात फिरतात, मायनलॅबने स्वतः त्याबद्दल सावध केलेलं आहे. सिरियल नंबर कंपनीकडून तपासून घ्या, बिल मागा, बॅटरी किती तास टिकते ते समोर बघा. आणि मशीन येण्याआधी त्या जमिनीवर शोधायला परवानगी कोण देतं ते विचारून ठेवा, व्हिक्टोरियात यासाठी मायनर्स राइट नावाचा परवाना लागतो, दुसरीकडे नियम दुसरे, आणि खाजगी जमीन असेल तर मालकाचा होकार हवाच.

सगळे पैसे मशीनमध्ये संपवू नका, थोडे राखून ठेवा. चांगले हेडफोन, पिनपॉइंटर (खड्ड्यात तुकडा नेमका कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर), मजबूत कुदळ आणि तिच्यावर बसवलेलं मॅग्नेट, म्हणजे खिळे, लोखंडाचे तुकडे लगेच चिकटून बाजूला होतात. आणि प्लॅस्टिकचा स्कूप, त्यात मूठभर माती घ्यायची, कॉइलवरून फिरवायची, वाजली की अर्धी सांडायची, परत फिरवायची, असं करत करत शेवटी स्कूपमध्ये चिमूटभर माती उरते. ती कॉइलवर थोडी थोडी सोडायची, तुकडा पडला की टिक असा आवाज येतो, मग बोटाने चाचपून घ्यायचा.