उन्हात टाकी फुटते का? पंपावर बाइक घेऊन येणाऱ्यांसाठी

एप्रिल लागला की सोलापुरात आमच्या पंपावर एकच पालुपद सुरू होतं. "अक्का, फुल्ल नको, अर्धीच टाका. उन्हात टाकी फुटती म्हणं." व्हॉट्सअ‍ॅपवर दर उन्हाळ्याला तोच मेसेज फिरतो, वर इंडियन ऑइलचं नाव असतं. खुद्द इंडियन ऑइलने हा मेसेज आपला नाही, टाकी कंपनीने सांगितलेल्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भरा, असं जाहीर केलं. तरी मेसेज काही मरत नाही. मी तुळजापूर रस्त्यावरच्या एका पंपावर शिफ्ट बघते. लोक नको त्या गोष्टीला घाबरतात आणि जिथे घाबरायचं तिथे निवांत उभे असतात, हे रोजचंच. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

आधी टाकीचं. पेट्रोल तापलं की फुगतं, हे खरं. पण किती? एका अंशाला साधारण हजारात एक भाग. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल 30 अंशांचं धरा आणि भर दुपारी तुमच्या गाडीची टाकी 50 अंशांपर्यंत गेली असं समजा. 20 अंशांचा फरक म्हणजे शंभरात दोन भाग. स्प्लेंडरची टाकी 9.8 लिटरची, म्हणजे वाढ जेमतेम 200 मिली. तेवढी जागा कंपनीने वरच्या बाजूला सोडलेलीच असते. शिवाय हवा-वाफ जायला वाट असते, झाकणातून किंवा वेगळ्या नळीतून, त्यामुळे दाब कोंडून टाकी फुटायचा प्रश्न येत नाही. आणि स्वतःहून पेट घ्यायला पेट्रोल 250 अंशांच्या वर तापावं लागतं. सोलापूरचं ऊन कितीही वाईट असलं तरी एवढं नाही.

उलट बाजूही ऐका. थंडीत पेट्रोल सुरक्षित असतं, असं समजणारेही भेटतात. पेटण्याइतकी वाफ पेट्रोल उणे 40 अंशांच्या आसपासही सोडतं. म्हणजे मे महिन्यातलं सोलापूर काय आणि डिसेंबरातलं महाबळेश्वर काय, ठिणगी मिळाली तर दोन्हीकडे सारखंच पेटेल. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. टाकीच्या तोंडातून निघते, इंजिनच्या बाजूने उतरते आणि तुमच्या पायाशी पसरते. पंपावर सांभाळायची ती ही वाफ आणि सांडलेलं पेट्रोल. बाकी सगळं त्यानंतर.

"अजून बसतंय, टाक की बे"

आता जिथे खरंच गडबड होते तिथे येऊ. गनच्या नळीच्या टोकाशी, खालच्या बाजूला, काडीच्या गुलाएवढं बारीक भोक असतं. पुढच्या वेळी नीट बघा. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून सतत हवा ओढली जाते. टाकीत पातळी वर आली, पेट्रोल किंवा फेस त्या भोकाला टेकला, की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि 'टक्' आवाज होऊन गन थांबते. यात ना सेन्सर, ना वीज, नुसता हवेचा खेळ. पण ते भोक टाकीच्या आत असेल तरच.

बाइकची टाकी उथळ असते. मधोमध फ्रेमसाठी खाच असल्यामुळे तळ फार वर आलेला असतो. त्यात गिऱ्हाइकाला आत पेट्रोल पडताना बघायचं असतं, म्हणून आमची पोरं गन तोंडापासून वर, अधांतरी धरतात. भोक बाहेर, म्हणजे ऑटो कट कामातून गेलं. मग सगळा भरवसा पोराच्या डोळ्यावर आणि अंगठ्यावर. मागे रांग, कुणी हॉर्न वाजवतंय, कुणी सुटे मागतंय, अशात शेवटचं अर्धं बोट पेट्रोल तोंडाबाहेर येतं आणि सरळ इंजिनवर उतरतं.

तेव्हा सांगायचं, "गन आत ठेवा, हळू सोडा." एकदा टक् झालं की थांबायचं. टाकीच्या तोंडाखाली आत जी गळ्यासारखी पट्टी दिसते, तिच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल आलं की टाकी फुल्ल. त्याच्यावरची मोकळी जागा फुगणाऱ्या पेट्रोलसाठी आहे, तुमच्या शंभर रुपयांसाठी नाही. गाडी डावी-उजवीकडे हलवून "हवा काढली की अजून बसतं" हा प्रकार तर बंदच करा. त्याने थोडं बसेलही, पण बसलेल्यापेक्षा वाफ जास्त उडते आणि फेस बाहेर येतो.

बीएस-सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांप्रमाणे बनलेल्या, गाड्यांत आणखी एक कारण आहे. टाकीतली वाफ हवेत न सोडता एका कोळशाच्या डब्यात साठवतात आणि नंतर इंजिनला देतात. काठोकाठ भरलं की त्या डब्यात वाफेऐवजी पेट्रोलच जातं. मग गाडी सुरू व्हायला कुरकुरते, पेट्रोलचा वास येतो आणि बोलणी पंपाला बसतात.

(टाकी 9.8 ची असताना दहा लिटर बसलं म्हणून भांडायला येणाऱ्यांसाठी: काठोकाठ भरली तर टाकीत कंपनीच्या आकड्यापेक्षा थोडं जास्त बसतं. माप तपासायचंय? पाच लिटरचं शिक्क्याचं माप प्रत्येक पंपावर असतं. मागा, द्यावंच लागतं.)

मोबाइल, सिगारेट आणि अंगातली वीज

मोबाइलच्या लहरींनी पेट्रोल पेटतं, अशी समजूत जगभर आहे. पण अशा आगी खोलात जाऊन तपासल्या तेव्हा मोबाइलवर दोष सिद्ध झाला नाही, माणसाच्या अंगावरची स्थिर वीज निघाली. तरी मोबाइल खिशातच ठेवा. एक तर नियम आहे. दुसरं म्हणजे फोनवर बोलणारा गिऱ्हाईक "बास" म्हणायला विसरतो आणि पेट्रोल सांडतं. क्यूआरवर पैसे द्यायला मोबाइल लागतोच, मग मनाई कसली, असं लोक विचारतात आणि ते चुकीचं विचारत नाहीत. त्यावर माझं उत्तर साधं आहे: झाकण लावा, गाडी चार पावलं पुढे घ्या, मग स्कॅन करा. मागच्यालाही जागा होते.

सिगारेटचं उलट आहे. सिनेमात थोटूक फेकलं की पंप उडतो. अमेरिकेत पेटत्या सिगारेटचा निखारा पेट्रोलच्या वाफेत हजारो वेळा धरून पाहिला, एकदाही पेटलं नाही. पण सिगारेट पेटवायला काडी किंवा लायटर लागतो, आणि त्या ज्योतीने वाफ हमखास पेटते. त्यामुळे हे वाचून कुणी आमच्याकडे विडी घेऊन आलं तर हाकलूनच देणार.

स्थिर वीज मात्र खरी. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा ती अंगावर टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीत, कोरड्या हवेत, नायलॉनचं जर्किन घालून तासभर गाडी चालवली की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच ती. बाइकवाल्यांचं एक बरं आहे. टाकीला किल्ली लावताना झाकणाच्या धातूला हात लागतोच, आणि तेव्हा झाकण अजून बंद असतं. हातमोजे असतील तर आधी काढा आणि उघड्या हाताने धातूला शिवा. झाकण उघडल्यावर मात्र जर्किन काढणं, स्कार्फ सोडणं, असले उद्योग नकोत. गन टाकीच्या धातूला टेकवलेली बरी असते तीही याचसाठी, कारण पाइपातून तिचं अर्थिंग जमिनीला जोडलेलं असतं. "रंग खराब होतो" म्हणून गन वर धरायला लावणारे दोन्हीकडून नुकसान करून घेतात. तिथेही वीज साठते, इथेही सांडतं.

टाकीवर रेक्झिनचं कव्हर असेल किंवा टॉवेल गुंडाळला असेल, तर तो आधी पूर्ण बाजूला करा. सांडलेलं पेट्रोल धातूवरून दोन मिनिटांत उडून जातं. टॉवेलमध्ये मुरलेलं मात्र तुमच्या मांडीखाली घरापर्यंत येतं.

उतरा म्हणजे उतराच

गाडीवर बसून पेट्रोल भरणं यात काही विशेष नाही, असं वाटतं. इंजिन बंद, किल्ली बंद, मग काय? पेट्रोल सांडलं तर ते मांड्यांवर, आणि काही झालं तर दोन पायांत गाडी अडकलेली. पळणार कसे? उतरा, गाडी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर टाकी तिरकी राहते आणि पातळी नीट कळत नाही.

सगळ्यात आधी पुढे टाकीवर बसवलेलं पोरगं खाली घ्या. आईबाप उतरतात, पोर तिथेच ठेवतात. त्याचं नाक बरोबर टाकीच्या तोंडावर असतं. आजच्या पेट्रोलमध्येही बेंझिन 1 टक्क्यापर्यंत चालतं आणि बेंझिनने कॅन्सर होतो. मागच्या बाईंनी साडीचा पदर सायलेन्सरपासून लांब धरावा.

सीटखाली टाकी असणाऱ्या स्कूटरवाल्यांनी डिकीत चार्जिंगला लावलेला फोन किंवा पॉवर बँक आधी काढावी. तिथे सांडलं की पेट्रोल थेट गरम इंजिनकडे जातं, आणि वाफ कोंडून राहायला डिकीएवढी सोयीची जागा नाही. सांडलंच तर लगेच स्टार्टर मारू नका. पुसा, सीट उघडी ठेवा, गाडी ढकलत बाजूला न्या, पाच-दहा मिनिटं थांबा.

टँकर खाली होत असेल आणि कोन लावून भाग अडवला असेल, तर कोन सरकवून आत घुसू नका. त्या वेळी जमिनीखालच्या टाकीतली वाफ बाहेर पडत असते.

पावसाळ्यात टाकीच्या झाकणाभोवतीची खोबण बघा. तिच्यात एक छोटं छिद्र असतं, साचलेलं पाणी आणि सांडलेलं पेट्रोल खाली सोडायला. चिखलाने ते बुजलं की पाणी साचतं आणि झाकण उघडताच आत उतरतं. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी जाऊन बसतात. रस्त्यात गाडी बंद पडते आणि गिऱ्हाईक "पाणी मिसळलं" म्हणत आमच्याकडे येतो. बारीक तार फिरवून ते छिद्र मोकळं ठेवा. भर पावसात भरताना टाकीवर छत्री धरायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

आग लागलीच तर

टाकीच्या तोंडाशी ज्योत दिसली की माणूस पहिल्यांदा गन ओढून काढतो. तेच करायचं नाही. ओढली की पेटतं पेट्रोल चहूकडे उडतं. गनचा खटका सोडायचा, गन आहे तिथेच राहू द्यायची आणि मागे सरकायचं. गाडी लाथेने पाडायचीही नाही, पाडली की टाकी रिकामी होते ती आगीतच. पाणी तर अजिबात नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरत जाते. आमची पोरं इमर्जन्सी स्विचने पंप बंद करतात, डीसीपीचा, म्हणजे आग विझवायच्या कोरड्या पावडरीचा, सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या जवळच असतात. कपड्यांनी पेट घेतला तर पळू नका, जमिनीवर लोळा. नुसतंच पेट्रोल अंगावर सांडलं असेल तर कपडे घाईने ओढून काढू नका. आधी पाण्याने भिजवा, मग काढा. पंपावर नळ असतो, तो नेमका कुठे आहे ते कुणालाही विचारा.