संध्याकाळचा राग

माझा राग बहुतेक ठरलेल्या वेळीच येतो, हे लक्षात आल्यावर मार्ग सापडला. दुपारी एकला डबा खाल्लेला, लोकलमधून उभ्यानं प्रवास आणि घरी आल्या आल्या मुलाचा न झालेला गृहपाठ. आवाज चढायचाच. रविवारी सकाळी तोच मुलगा, तोच गृहपाठ, पण मी शांत!

म्हणून पहिला उपाय पोटाचा केला. स्टेशनवरून घरी येतानाच केळं किंवा गूळ-शेंगदाणे. हसाल, पण बरीचशी चिडचिड तिथेच ओसरली.

उरलेल्या रागाला मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत लागू पडली. ती सांगते की घटना आणि राग यांच्यामध्ये आपला एक हट्ट बसलेला असतो. 'मी सांगितलं की त्यानं लगेच ऐकलंच पाहिजे' हा माझा. तो वहीत उतरवला आणि खाली लिहिलं: ऐकलं तर फार बरं, नाही ऐकलं तर त्रास होईल, पण तो मला सोसवेल. नाराजी उरते, भांडी आपटावीशी वाटत नाहीत.

ऐन भडक्यात वही कामाची नाही. तेव्हा फक्त श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावते, ठोके मंदावतात. उशीवर गुद्दे मारायचा सल्ला मला पटला नाही, त्यानं राग उलट पेटतो.

हात उगारण्यापर्यंत गोष्ट जात असेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं.