चाईवर संशोधन करायला येताय? आधी केसाचं चक्र शिका

आमच्याकडे चाई पडली, म्हणजे डोक्यावरचे केस चट्ट्याने गळले, की 'किड्याने केस खाल्ले' म्हणतात आणि त्या जागी कांदा चोळतात. मावशीच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडला, तेव्हा मीही चोळून दिला होता. पुढे पुण्यात एम.एस्सी. करून अमेरिकेत इम्युनॉलॉजीत पीएचडीला आले, तेव्हा कळलं की तो किडा म्हणजे आपल्याच टी-पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी.

वाढत्या केसाचं मूळ ही शरीरातल्या मोजक्या राखीव जागांपैकी एक. पेशीच्या आत काय चाललंय ते टी-पेशींना दाखवणारे एमएचसी क्लास-१ रेणू तिथल्या पेशींवर फारच कमी असतात, त्यामुळे टी-पेशींच्या नजरेत ते मूळ सहसा येत नाही. हे कवच गळालं की सीडी-८ पेशी (मारेकरी टी-पेशी) मुळाभोवती जमतात. पॅथॉलॉजीवाले त्याला मधमाश्यांचा थवा म्हणतात. पहिली स्लाइड पाहिली तेव्हा मला ती उपमा तंतोतंत पटली. केसाच्या मूळपेशी थोड्या वरच्या भागात असतात आणि वाचतात, म्हणून केस परत येण्याची आशा राहते.

वाचायला सुरुवात दोन शोधनिबंधांपासून करा. २०१० साली 'नेचर'मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अँजेला क्रिस्टियानो यांच्या गटाने १,०५४ रुग्णांची जनुकं ३,२७८ निरोगी लोकांशी ताडून पाहिली. त्यातून यूएलबीपी ही जनुकं पुढे आली. पेशी संकटात असल्याची खूण ती बनवतात आणि टी-पेशींवरचा एनकेजी२डी हा रेणू ती खूण ओळखतो. क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई झाली होती. मग २०१४चा 'नेचर मेडिसिन'मधला निबंध वाचा. इंटरफेरॉन-गॅमा आणि आयएल-१५ हे पेशींमधले निरोप्ये रेणू एकमेकांना कसे पेटवतात आणि त्यांचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारं जॅक एन्झाइम अडवलं की ती आग कशी विझते, ते त्यात आहे. जॅक अडवणाऱ्या बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत गंभीर चाईसाठी २०२२मध्ये मान्यता मिळाली, ती याच वाटेने.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं. आम्ही सी३एच/एचईजे जातीचे उंदीर वापरतो. त्यांना चाई आपोआप होते, आणि बाधित उंदराच्या कातडीचं कलम निरोगी उंदराला लावूनही ती आणता येते. मी आजारी आणि निरोगी कातडीची तुलना केली. शेकडो जनुकं वेगळी निघाली, मी हरखले. चार महिन्यांनी लक्षात आलं की माझे निरोगी उंदीर केसांच्या विश्रांतीच्या टप्प्यात होते आणि आजारी उंदीर वाढीच्या. निम्मा फरक चाईचा नव्हताच, केसाच्या चक्राचा होता. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी नमुना घेण्याआधी पाठ भादरून कातडी निरखते. गुलाबी असेल तर केस झोपलेत. राखाडी-काळसर असेल तर वाढतायत, कारण मुळात रंग तयार होतोय. निरोगी उंदरांचे केस मेणाने एकाच दिवशी उपटले की सगळ्यांची वाढ एकाच वेळी सुरू होते. फ्लो सायटोमेट्री (लेझरने एकेक पेशी मोजणं-ओळखणं), आकडेवारीसाठीचं आर प्रोग्रॅमिंग हे सगळं इथे येऊन शिकता येतं. कातडीकडे बघायची सवय मात्र पहिल्या आठवड्यापासून लावा.

आणि शक्य असेल तर त्वचाविभागाच्या ओपीडीत काही दिवस बसा. मी बसले होते. एका मुलीच्या चट्ट्यावर नवे केस उगवत होते, सगळे पांढरे. चाई बहुतेकदा काळ्या केसांना धरते, पांढऱ्यांना सोडते. त्यामुळे टी-पेशींचं लक्ष्य रंग बनवणाऱ्या पेशींत असावं, असा कयास आहे. तिची आई मात्र एवढंच विचारत होती, "हे काळे होतील ना?" बरेचदा होतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझा पुढचा सगळा प्रकल्प त्या पांढऱ्या केसांवर आहे.