अमिनो आम्लाची रचना स्वतः काढून कशी समजून घ्यावी

अमिनो आम्ल म्हणजे प्रथिनांचा घटक रेणू. त्याची आकृती पाठ करण्यापेक्षा ती एकदा स्वतःच्या हाताने काढावी. कार्बनची संयुजा चार, म्हणजे तो चार बंध करतो, एवढे लक्षात असले तरी पुढचे बरेचसे आपोआप सुचत जाते. उदाहरणासाठी अलानिन हे साधे अमिनो आम्ल घेऊ.

कागदाच्या मध्यभागी एक कार्बन लिहून त्याच्या चारही बाजूंना रेघा काढाव्यात. हा अल्फा कार्बन. डाव्या रेघेला अमिनो गट, म्हणजे दोन हायड्रोजन धरून असलेला नायट्रोजन जोडावा. उजवीकडे कार्बॉक्सिल गट येतो. त्यातील कार्बनला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरा, स्वतःचा हायड्रोजन घेऊन, एकेरी बंधाने जोडलेला असतो. वर एक हायड्रोजन लिहावा आणि खालची जागा पार्श्वशृंखलेसाठी, म्हणजे प्रत्येक अमिनो आम्लात बदलणाऱ्या भागासाठी, ठेवावी. तिथे मिथिल गट, म्हणजे तीन हायड्रोजन धरून असलेला कार्बन, लिहिला की अलानिन तयार झाले. आता अणू मोजावेत: कार्बन 3, हायड्रोजन 7, नायट्रोजन 1, ऑक्सिजन 2, रेणुभार सुमारे 89. मोजणी जुळली नाही, तर बहुधा एखादा हायड्रोजन सुटलेला असतो.

मिथिलच्या जागी नुसता हायड्रोजन लिहिल्यास ग्लायसिन मिळते, आणि मिथिलमधील एका हायड्रोजनऐवजी हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला एक हायड्रोजन) लिहिल्यास सेरीन. प्रोलिन मात्र वेगळे आहे, कारण त्याची पार्श्वशृंखला वळून नायट्रोजनलाच जोडली जाते आणि कडे तयार होते.

ही आकृती प्रभारहित आहे. उदासीन पाण्यात कार्बॉक्सिल गटाचा प्रोटॉन (इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन) सुटलेला असतो आणि अमिनो गटाने एक प्रोटॉन घेतलेला असतो, त्यामुळे रेणूच्या एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन प्रभार असतो. पेशीतील अमिनो आम्ल दाखवायचे असल्यास हे द्विध्रुवी रूपच काढावे, असा माझा आग्रह आहे.

कागद सपाट असतो, रेणू नसतो. म्हणून मातीचा गोळा आणि चार काड्या घेऊन, काड्यांमध्ये साधारण 109 अंशांचा कोन राखत प्रतिकृती करावी. हायड्रोजनची काडी स्वतःकडे धरून कार्बॉक्सिल, पार्श्वशृंखला, अमिनो या क्रमाने पाहावे. हा क्रम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जात असेल, तर ते एल-रूप, म्हणजे एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या दोन रूपांपैकी ‘डावे’ रूप; प्रथिनांत हेच आढळते. ग्लायसिनमध्ये दोन काड्यांना हायड्रोजनच असल्याने तिथे डावे-उजवे हा भेदच उरत नाही.