1 नोव्हेंबरचा दिनविशेष लिहिताय? या चुका टाळा

ऑक्टोबर संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात शाळांच्या परिपाठासाठी आणि वाचनालयांच्या फलकांसाठी दिनविशेषाची जुळवाजुळव सुरू होते. एरवी एखादं साल चुकलं तरी कुणी फारसं मनावर घेत नाही. 1 नोव्हेंबरला मात्र फलक सगळे वाचतात, दोन्ही भाषांतले. एकीकडे कर्नाटकच्या स्थापनादिनाची, म्हणजे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे महाराष्ट्रात जाऊ पाहणाऱ्या मराठी सीमावासीयांचा काळा दिन, म्हणजे काळ्या फिती आणि निषेधाची सायकल फेरी. अशा दिवशी एक ओळ चुकली की तिच्या शेजारची बरोबर ओळही कुणी ऐकून घेत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी ओळ ही: '1956 – बेळगाव महाराष्ट्रातून कर्नाटकात गेले.' तारीख बरोबर, साल बरोबर, राज्यांची नावं मात्र दोन्ही चूक. त्या दिवशी महाराष्ट्र हे राज्यच नव्हतं, ते झालं 1 मे 1960 ला. कर्नाटक हे नावही नव्हतं. राज्य होतं म्हैसूर, आणि त्याचं कर्नाटक असं नामांतर झालं 1 नोव्हेंबर 1973 ला, देवराज अर्स मुख्यमंत्री असताना. म्हणजे बेळगाव गेलं ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात. फलकावर एवढंच लिहा. (ऐश्वर्या रायचा जन्म मंगळूरचा, तारीख हीच, सालही 1973. मुलांना ही जोडी चटकन लक्षात राहते.)

त्याच ओळीत 'संपूर्ण बेळगाव जिल्हा' असं घालायचा मोह होतो, तो आवरा. राज्य पुनर्रचना कायद्यानं जिल्हा म्हैसूरला दिला तो चंदगड तालुका वगळून. चंदगड मुंबई राज्यातच राहिला आणि आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. दुसरा घोळ सीमाभाग महाराष्ट्रात मागणाऱ्या घोषणेमुळे होतो. 'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी' हे तोंडात इतकं बसलंय की ही सगळीच गावं मुंबई राज्यातून गेली असं लिहिलं जातं. बिदर आणि भालकी हैदराबाद राज्यात होती.

आयोगांचीही सरमिसळ होते. 1956 च्या फेररचनेआधी अहवाल दिला तो फजल अली आयोगानं, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोगानं, 30 सप्टेंबर 1955 ला. सीमावादासाठीचा महाजन आयोग नेमला गेला 1966 साली आणि त्याचा अहवाल आला 1967 मध्ये. 'महाजन अहवालामुळे 1956 ला बेळगाव गेलं' हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या माणसांच्या भाषणातही ऐकलंय.

काळा दिन आणि हुतात्मा दिन एक करू नका. सीमाभागात हुतात्मा दिन 17 जानेवारीला पाळतात, 1956 च्या आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना 1 जूनला बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या स्मारकात अभिवादन होतं. या दोन्ही नोंदी 1 नोव्हेंबरच्या फलकावर चढवल्या की मुलांना त्या दिवशीच गोळीबार झाला असं वाटतं.

कर्नाटक राज्याचा सुवर्णमहोत्सव एका यादीत 2006 ला, दुसऱ्या यादीत 2023 ला सापडेल. गडबडून एक खोडू नका, दोन्ही बरोबर आहेत. पहिला 1956 पासून मोजलेला, दुसरा 1973 च्या नामांतरापासून. मोजताना 'पन्नासावा' आणि 'पन्नास वर्षं पूर्ण' यांत एका वर्षाचा फरक पडू शकतो, म्हणून 'पूर्ण' हा शब्द लिहाच. बेळगाव शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं तेही याच तारखेला, पण 2014 साली. ते जुन्या नोंदींना मागं नेऊन चिकटवू नका.

बाकीच्या नोंदींत हरियाणा 1966 आणि छत्तीसगड 2000 बिनधोक घ्या. छत्तीसगडबरोबर उत्तराखंड आणि झारखंड मात्र ओढून आणू नका, त्यांच्या तारखा 9 आणि 15 नोव्हेंबर. पुद्दुचेरीचा कारभार 1 नोव्हेंबर 1954 ला भारताकडे आला, कायदेशीर हस्तांतर 16 ऑगस्ट 1962 ला झालं. 'विलीन झाले' असं मोघम लिहिलं की वाद नक्की. अमेरिकेनं 1952 साली पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटॉक बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, ती कुठं 31 ऑक्टोबरला तर कुठं 1 नोव्हेंबरला दिसते. बेटावर 1 तारखेची सकाळ होती, तेव्हा अमेरिकेत अजून 31 चालू होती. अशा वेळी घटना जिथं घडली तिथली तारीख घ्या आणि कंसात 'स्थानिक' लिहा.

एक व्यवहारातली गोष्ट. तारीख पडताळायला जुनी वर्तमानपत्रं काढलीत तर 2 नोव्हेंबरचा अंक बघा, कारण 1 तारखेची हकिगत त्यात असते. 1 तारखेच्या अंकात आदल्या दिवशीच्या बातम्या आणि 'आज होणार' छापाची निवेदनं असतात. कायद्याच्या बाबतीत तर मंजुरीची तारीख आणि अंमलाची तारीख दोन्ही टिपून ठेवा: राज्य पुनर्रचना कायदा 31 ऑगस्ट 1956 चा, अंमल 1 नोव्हेंबरपासून. कुणी फलकापाशी येऊन 'हे ऑगस्टमधलं आहे' म्हणालं, तर हे टिपण दाखवता येतं.